अर्धवट गाडी विकताना काय कापले आहे तेही सांगावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘प्रोजेक्ट कार विकणे आहे, थोडे काम बाकी, कागदपत्रे क्लिअर’ असा मजकूर अधूनमधून वाचायला मिळतो. प्रोजेक्ट कार म्हणजे हौसेने कापून-जोडून नव्याने बांधायला घेतलेली गाडी. गेल्या मार्च महिन्यात तशीच एक जाहिरात मीही दिली होती. तिला आलेले फोन आणि त्यानंतर मी पुन्हा काढून वाचलेले कागद यांवरून जाहिरातीतले शेवटचे दोन शब्द खरे नव्हते हे माझ्या ध्यानात आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गाडी १९९४ची कॉन्टेसा आहे. लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे अशा कामासाठी ती हौशी लोकांच्या पसंतीची. २०१६ साली माझ्या मुलाने आणि मी रत्नागिरीत घरामागच्या जुन्या गोठ्याच्या जागी शेड घालून ती ड्रॅग शर्यतीच्या धर्तीवर बांधायला घेतली. ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ पट्ट्यावर ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, कमीत कमी वेळात कापायचे. पुढे मुलगा बोटीवर नोकरीला गेला, एकट्याने इंजिन उचलण्याचे माझे वय राहिले नाही आणि साडेचार लाख रुपये घालून गाडी अर्ध्यावर थांबली.

अर्ध्यावर म्हणजे नेमके कुठे, हे विकणाऱ्याने सांगितलेच पाहिजे असे माझे म्हणणे आहे. रुंद टायर आत बसावेत म्हणून आम्ही मागच्या चाकांवरचा पत्रा कापून जागा मोठी केली आणि मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाके ज्यावर बसतात तो दांडा, दोन्ही बाजूंनी कापून आखूड केला. एक्सलचे वेल्डिंग केसभर जरी वाकडे झाले तरी बेअरिंग खाल्ले जाते. आमचे सरळ आहे की नाही, हे गाडी चालल्याशिवाय कळणार नाही आणि गाडी आजवर चाललेली नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणजे आम्ही कापला तो केवळ पत्रा नव्हता. त्यात आपला खारा वारा. पहिल्याच पावसाळ्यानंतर वेल्डिंगच्या टाक्यांच्या कडेने प्रायमरखाली तांदळाच्या दाण्याएवढे फोड उठले. यंदा दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्या पट्टीवर पुटी मारून रंग दिला असता तर फोटोत गाडी नवीकोरी दिसली असती. तसे करून विकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि त्या घेऊन फसलेली मुलेही पाहिली आहेत.

आता फोनांविषयी. बहुतेकांनी विचारले, ‘काका, हायवेला चालेल ना?’ मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरी तुकडे रात्री मोकळे असतात, हे त्यातल्या एकाने मला समजावूनही सांगितले. दुसऱ्या एका गृहस्थांना गाडी नकोच होती. त्यांना फक्त आरसी बुक आणि चासी नंबर असलेला पत्र्याचा तुकडा हवा होता, आणि त्याची किंमत ते मी मागितली त्याहून जास्त द्यायला तयार होते. तो तुकडा चोरीच्या एखाद्या गाडीवर बसणार होता, हे विचारायची गरज नव्हती. मी फोन ठेवला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कारखान्याने बनवलेली गाडी यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय गाडी दिली, पैसे घेतले, पण नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. माझ्या गाडीच्या नोंदणीची मुदत २०१९ मध्ये संपली आणि कापलेली गाडी नूतनीकरणाला नेता आली नाही. असे असताना मी ‘क्लिअर’ हा शब्द छापायला दिला, याची मला खरोखर लाज वाटते.

कायदा बाजूला ठेवला तरी ही गाडी रस्त्याची नाहीच. सुटताना भार मागे जातो म्हणून मागे रुंद, मऊ टायर आणि पुढे बारीक चाके. ब्रेक दाबला की हाच भार पुढे येतो आणि तिथे रस्ता धरायला जेमतेम चार बोटे रबर असते. आंबा घाटाच्या उतारावर, पावसात, अशा गाडीत माझा मुलगा बसलेला मला चालणार नाही, मग दुसऱ्याचा कसा चालेल? गाडी उलटली तर बसणाऱ्याला वाचवणारा आतला पाइपचा पिंजरासुद्धा हेल्मेट आणि शर्यतीचे पट्टे गृहीत धरून बांधलेला असतो. उघड्या डोक्याला तोच पाइप घातक आहे. ज्याला ती पळवायची आहे त्याच्यासाठी तपासणी करून होणाऱ्या शर्यती आहेत. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर त्या झालेल्या आहेत.

आपणास विनंती अशी की, अशी जाहिरात स्वीकारताना गाडीची नोंदणी चालू आहे, संपली आहे की रद्द झाली आहे, एवढी एक ओळ देणाऱ्याकडून लिहून घ्यावी. कलम ५५ खाली नोंदणी रद्द करण्यासाठी मी आरसी बुकासह अर्ज दिला आहे. खरे तर गाडी कायमची निकामी झाल्यावर १४ दिवसांत तो द्यायचा असतो, मला काही वर्षे उशीर झाला. रद्द झाल्याचा कागद हाती आला की माझी जाहिरात पुन्हा छापावी. तिचा मजकूर सोबत देत आहे:

‘कॉन्टेसा १९९४, ड्रॅग धर्तीवर अर्धवट बांधलेली. नोंदणी रद्द, रस्त्यावर चालवता येणार नाही. मागचा तळ व एक्सल कापलेला, दाराखालची डावी पट्टी गंजलेली, इंजिन उतरवून ठेवलेले. दीड लाख. दिवसाउजेडी येऊन, खाली वाकून पाहूनच घ्यावी.’

आपला,
एक वाचक, रत्नागिरी