जर्मनीला पाठवताय खरं, पण व्हिसा संपत आल्यावर काय करायचं ते कोण सांगणार?

संपादक साहेब,
नमस्कार.

मी मूळचा कराडचा, बरीच वर्षं झाली दक्षिण जर्मनीत नोकरीला आहे, तुमचा पेपर रोज मोबाइलवर वाचतो. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, 10 हजार पोरापोरींना जर्मन शिकवून इकडं पाठवायचं ठरलं, आणि तेव्हापासून जिकडं बघावं तिकडं जर्मनीच्या क्लासच्या जाहिराती. त्यात खोटं काही नाही, इकडं माणसं खरंच कमी पडतायत, हॉस्पिटलात पडतायत, कारखान्यात पडतायत, बस चालवायला पण पडतायत. पण ही सगळी माहिती मुंबई एअरपोर्टवर येऊन संपते. परीक्षा कशी पास व्हायची, मुलाखतीत काय बोलायचं, बॅगेत कुकर न्यायचा का, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढं व्हिसा संपत आला की काय होतं यावर कुणी एक ओळ बोलत नाही, आणि खरा घाम तिथं फुटतो.

म्हणजे बघा, मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटमधून पासपोर्टवर जो स्टिकर मिळतो तो काही महिन्यांचा असतो, फार तर वर्षाचा. तो संपायच्या आत आपण राहतो त्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात अर्ज करून चिपवालं रेसिडेन्स कार्ड काढायचं. त्या ऑफिसचं नाव आउसलेंडरबेहॉर्डे, इथली आपली पोरं नुसतं एबीएच म्हणतात. कार्डाची मुदत संपत आली की पुन्हा तेच ऑफिस, तीच फाइल. ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांना चांगल्या पगाराच्या नोकरीवर मिळणारा परवाना, जास्तीत जास्त चार वर्षांचं मिळतं, आणि नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट त्याहून कमी असेल तर कॉन्ट्रॅक्ट अधिक तीन महिने. बरं, पासपोर्ट आधी संपणार असेल तर कार्ड पण तेवढंच, त्यामुळं मी सगळ्यांना सांगतो की पासपोर्टला शेवटचं वर्ष लागलं की आधी तो नवीन करा आणि मग कार्डाच्या मागं लागा, नाहीतर एकाच वर्षात दोनदा हेलपाटे.

आता आपल्या लोकांना वाटतं की इमिग्रेशन म्हणजे एक मोठं सरकारी खातं असणार, एक वेबसाइट, एक नियम. तसं नाहीये. कायदा सगळ्या देशाला एकच, पण तो राबवणारी ऑफिसं पाचशेच्या वर आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुठं ऑनलाइन फॉर्म, कुठं ईमेल पाठवा म्हणतात, कुठं पोस्टानं कागद, कुठं आधी अपॉइंटमेंट आणि ती अपॉइंटमेंट मिळवण्यासाठी मध्यरात्री लॅपटॉप उघडून बसायचं. आपल्याकडं तलाठी बदलला की सातबाऱ्याची गोष्ट बदलते, तसंच. त्यामुळं बर्लिनमधल्या मावसभावानं सांगितलेली युक्ती कार्ल्सरूहला चालेलच असं नाही. आणि घर बदलून शेजारच्या जिल्ह्यात गेलात की ऑफिस पण बदलतं, जुन्या ऑफिसातून फाइल नव्या ऑफिसात जाईपर्यंत दोन्हीकडं विचारलं तर दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतात.

या ऑफिसांतून नवं कार्ड मिळायला उशीर का होतो याला कारणं आहेत, उगाच त्या काउंटरवरच्या बाईला शिव्या घालण्यात अर्थ नाही. 2015 च्या आसपास सीरियातून लोक आले, 2022 पासून युक्रेनमधून 10 लाखांच्या वर आले, त्या सगळ्यांचे कागद याच ऑफिसातून होतात, वर सरकारनं 2023 आणि 2024 मध्ये कुशल कामगारांसाठी नवे नियम टप्प्याटप्प्यानं आणले, आणि टेबलं तेवढीच. कर्मचारी पण मिळत नाहीत, म्हणजे परदेशातून माणसं आणायची म्हणून सगळी धडपड आणि त्यांचे कागद करायलाच माणूस नाही, काय बोलणार. आमच्या इथल्या ऑफिसात आडनावाच्या अक्षरावरून टेबल ठरलेलं असतं. एका अक्षराची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की त्या अक्षराची सगळी मंडळी लटकली.

आता मुद्द्याचं. कार्डावरची तारीख उलटली की माणूस बेकायदेशीर झाला असं गावाकडं सगळ्यांना वाटतं. माझ्या आईला एकदा असं कळलं तर तिनं सकाळी फोन करून विचारलं, पोलीस येतील का रे? नाही येणार. इथल्या रेसिडेन्स कायद्याच्या कलम 81 मध्ये स्पष्ट आहे की मुदत संपायच्या आत तुम्ही अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं धरलं जातं, नोकरीच्या परवानगीसकट. अगदी हातात कागद मिळाला नाही तरी हा हक्क असतो. फक्त तो दाखवायला पुरावा लागतो आणि तो पुरावा म्हणजे फिक्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा एक कागद, एबीएचच देतं, फी 13 युरो. सगळं अडलेलं असतं या कागदापाशी, कारण कंपनीला कायद्यानंच तुमच्या परवान्याची कॉपी फाइलला ठेवावी लागते, तारीख जवळ आली की एचआरचे ईमेल सुरू होतात, बँक विचारते, घरमालक विचारतो, आणि तुमच्याकडं दाखवायला नुसता ऑनलाइन फॉर्म भरल्याचा स्क्रीनशॉट. म्हणून अर्ज मुदतीत पोचल्याचं जे काही मिळेल, ऑटोमॅटिक उत्तर आलेला ईमेल, रजिस्टर पोस्टाची पावती, ते जपून ठेवायचं. तारखेच्या दोन-तीन महिने आधी अर्ज टाकावा, आणि आदल्या आठवड्यात जाग आली तरी टाकावा, पण तारीख उलटू द्यायची नाही. आणि हे सगळं लाँग-स्टे व्हिसावाल्यांसाठी आहे हां, आईबाबा टुरिस्ट व्हिसावर 90 दिवसांसाठी येतात त्यांना ही सवलत नाही, त्यांनी परतीचं विमान गाठायचंच.

या कागदावर तीन चौकोन असतात, त्यातल्या एकावर खूण केलेली असते. कलम 81 च्या पोटकलम 4 च्या चौकोनावर खूण असेल तर जुनं कार्ड, पासपोर्ट आणि हा कागद घेऊन भारतात जाऊन परत येता येतं. बाकीच्या दोनपैकी एखाद्या चौकोनावर असेल तर बाहेर गेल्यावर परतीचा रस्ता बंद होऊ शकतो. आपल्या लोकांना बहुतेक पोटकलम 4 चाच मिळतो तरी हातात आल्या आल्या खूण बघून घ्यावी. आमच्या इथल्या एका सांगलीच्या पोराचं मे महिन्यात लग्न होतं, कार्ड एप्रिलमध्ये संपत होतं, घरच्यांनी हॉल, केटरर, घोडा सगळं बुक केलेलं, आणि नव्या कार्डाचा पत्ता नाही. शेवटी हा कागद घेऊन गेला. लग्न झालं, परत येताना मुंबईला चेक-इन काउंटरवरच्या मुलीनं तो कागद उलटा, सुलटा, उजेडाला धरून बघितला, आणि म्हणाली सर हे काय आहे, व्हिसा कुठाय. सुपरवायझर आला, त्यानं कुठंतरी फोन लावला, मागं लाइन वाढत चाललेली, नवी नवरी सोडायला आलेली ती काचेच्या पलीकडून हातानं विचारतीय काय झालं, आणि हा घामाघूम. सोडलं शेवटी. पण काउंटरवरच्या प्रत्येकाला तो कागद माहीत असेल अशी गॅरंटी कुणी देऊ शकत नाही. म्हणून ज्यांचा मुलगा किंवा जावई जर्मनीत आहे त्यांनी भटजींकडून मुहूर्त काढायच्या आधी कार्डावरची तारीख विचारावी, नंतर नाही.

बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या मुलींचं पण सांगतो. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर साधा रेसिडेन्स परवाना आपोआप रद्द होतो, ब्लू कार्डवाल्यांना आणि त्यांच्या नवरा-बायकोला हीच मर्यादा 12 महिन्यांची आहे. सातव्या महिन्यात आली, बाळंतपण झालं, सव्वा महिना झाला, बाळाचा पासपोर्ट, बाळाचा व्हिसा, आजी म्हणते एवढ्यात कशाला जातेस थंडीत, असं करता करता सहा महिने कधी होतात कळत नाही. जास्त राहायचं असेल तर निघायच्या आधीच ऑफिसला लिहून मुदत वाढवून घ्यावी लागते. आजारी आईवडिलांसाठी येऊन राहणाऱ्यांनाही हेच लागू.

नावाचा घोळ हा तर खास आपला मराठी. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडलांचं नाव असतं, लग्नानंतर मॅरेज सर्टिफिकेटवर काही जणींचं नवऱ्याचं नाव लागतं, आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. इथल्या सिस्टीमला मधलं नाव ही भानगडच माहीत नाही, वडलांचं नाव पण तुमचंच नाव समजतात. माझ्या बायकोच्या वेळेस त्या बाईनं एक पासपोर्ट आणि एक सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवलं, पेन्सिलीनं दोन्ही नावांखाली हलकी रेघ मारली आणि शांतपणे विचारलं की या दोन वेगवेगळ्या बायका आहेत का. चिडून नाही हां, खरंच समजून घ्यायचं होतं तिला. बायकोनं तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सासर-माहेर सगळं समजावलं, बाई मन लावून ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली हे लेखी द्या. त्यामुळं लग्न झाल्यावर इकडं यायच्या आधी पासपोर्टवरचं आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळवून घ्या, तिकडं हे काम बरंच सोपं आहे.

खर्च म्हणाल तर तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतवाढीला 93 युरो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फोटो मे 2025 पासून कागदावरचे चालत नाहीत, सर्टिफाइड फोटोग्राफरकडून डिजिटल काढायचे किंवा ऑफिसात मशीन असेल तर तिथं 6 युरो देऊन, तेव्हा कराडहून पासपोर्ट साइज फोटोंची पाकिटं आणू नका. बोटांचे ठसे देऊन झाले की कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून छापून येतं, त्याला पण काही आठवडे जातात. बाकी पे-स्लिपा, कंपनीचं पत्र, भाड्याचा करार, हेल्थ इन्शुरन्स, ही यादी ज्या त्या ऑफिसच्या साइटवर असते.

आणि उत्तरच येत नसेल तर? आपण लोक फार सोसतो. ईमेल पाठवायचा आणि वाट बघत बसायचं, वर परत आपलं वाईट दिसेल म्हणून गप्प. अर्जाला तीन महिने होऊन गेले आणि योग्य कारणाशिवाय निर्णय नसेल तर इथल्या प्रशासकीय कोर्टात दाद मागता येते, तसं करणाऱ्यावर कुणी डूख धरत नाही, हा इथला रोजचा व्यवहार आहे. बहुतेक वेळा कोर्टापर्यंत जावं पण लागत नाही, वकिलाचं एक पत्र गेलं की फाइल हलते असा इथल्या आपल्या बऱ्याच लोकांचा अनुभव आहे. त्याआधी कंपनीला मध्ये घालावं, कंपनीच्या लेटरहेडवरच्या ईमेलला उत्तर लवकर येतं, का ते मला विचारू नका.

यातून सुटायचा खरा मार्ग म्हणजे कायमचा परवाना, आणि तो वाटतो तेवढा लांब नाही. ब्लू कार्डवाल्याला बी1, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन येत असेल तर 21 महिन्यांत, नुसती ए1, म्हणजे अगदी सुरुवातीची असेल तर 27 महिन्यांत, आणि कुशल कामगाराच्या परवान्यावर आलेल्या नर्सला किंवा टेक्निशियनला साधारण तीन वर्षांत, बी1 सकट, पेन्शनचे हप्ते वगैरे भरलेले असले की. इथंच आपली पोरं मार खातात. कॉम्प्युटरवाल्यांचं ऑफिसात इंग्रजीवर भागतं, क्लास पहिल्या हिवाळ्यातच सुटतो, आणि मग दर खेपेला नव्यानं तीच फाइल. पुण्या-मुंबईतले क्लासवाले भाषा नोकरी लागेपर्यंत म्हणून विकतात, ती परवान्यासाठी पण लागते हे सांगितलं तर त्यांचा पुढचा कोर्स पण खपेल, तेवढा धंदा तरी त्यांनी करावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की करार दोन राज्यांमधला आहे, मंत्री येतात, फोटो निघतात, तर त्यात एवढं घाला की इकडं आलेल्या पोरांना मुदतवाढीच्या वेळी विचारायला दोन्ही बाजूंना एकेक ठरलेला माणूस असेल, नाव आणि फोन नंबरसकट. क्लासच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार या विषयाला द्या, शिकवायला इथून व्हिडिओ कॉलवर यायला आमच्यातले बरेच जण तयार आहेत, मी पण आहे, फुकट. तुमच्या करिअरच्या पानावर याची माहिती एकदा आलेली बघायला आवडेल. पत्र लांबलंय, हवं तिथं कात्री लावा, फक्त तो पोटकलम 4 चा भाग आणि सहा महिन्यांचा भाग तेवढा ठेवा.

कळावे,
आपला एक वाचक
दक्षिण जर्मनी (मूळ कराड)