अण्णांच्या चूर्णाविषयी

सोलापूर

प्रिय श्रीधर,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर तुला एकही पत्र लिहिले नाही आणि आता लिहितो आहे तेही कामासाठी, याची लाज वाटते. माझा गुडघा आहे तसाच आहे.

अण्णांनी मधुमेहावरचे मेटफॉर्मिन परस्पर बंद केले आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले बिनलेबलाचे चूर्ण ते दोन वेळा घेऊ लागले. त्यात गुडमार, जांभळाच्या बिया, मेथी आणि कारले आहे म्हणे. बारा दिवसांत उपाशीपोटीची साखर २२८ वरून ९४ वर आली, तेव्हा अण्णांनी आळीत पेढे वाटले आणि दोन स्वतः खाल्ले. मंगळवारी पहाटे मात्र ते घामाने डबडबले, हात थरथरू लागले आणि मला त्यांनी ‘बाबा’ अशी हाक मारली. साखर ५४! साखरपाणी पाजल्यावर माणूस ताळ्यावर आला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसभर तपासत राहिलो, तर दुपारी पुन्हा ६१.

चूर्ण लागू पडत नसते तर तुला त्रास दिला नसता. ते इतके लागू पडते, याचेच भय वाटते. मेथीतल्या तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते, हे मान्य. गुडमारचे पान चघळल्यावर गूळ वाळूसारखा लागतो, हे आपण हॉस्टेलवर पाहिलेच आहे (माझी ढेप तू संपवलीस, तीही चव न लागता). पण जेवणानंतर आठ तासांनी साखर ५४ वर आणणे हे या पाल्याचे काम नव्हे. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारे औषध मिसळलेले यापूर्वी सापडले आहे. ते पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, आणि अण्णांचे क्रिएटिनिन थोडे वर, म्हणजे मूत्रपिंडाचे काम जरा मंद, असल्याने ते शरीरात रेंगाळणारच.

काकांच्या वेळी ‘वनस्पतीने अपाय होत नाही’ असे मी तुला ठणकावले होते आणि तू चार महिने अबोला धरला होतास. आज तेच वाक्य अण्णा मला ऐकवतात. मेटफॉर्मिनचे मूळही युरोपातल्या एका फुलझाडात आहे असे समजावले, तर म्हणाले, ‘मग ते झाडच आण.’

पुडी मी लपवली आहे. रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने भाचा पुण्यास येतो आहे, त्याच्याकडे ५० ग्रॅम देतो. थिन लेअर क्रोमॅटोग्राफीत (पट्टीवर घटकांचे वेगवेगळे डाग पाडणाऱ्या तपासणीत) शेजारी ग्लिबेनक्लामाइड आणि त्याच जातीचे ग्लिमेपिराइड लावून पाहशील का? डाग जुळला तरी तेवढ्यावर शिक्कामोर्तब करता येत नाही, हे तूच मला शिकवलेस. तेव्हा पुढची तपासणी कोठे करावी तेही कळव.

सुमेधाचे लग्न ठरले का? वहिनींना नमस्कार. त्याच पिशवीत शेंगाचटणी आहे. हिरवट ते चूर्ण, लाल ती चटणी. वहिनींना आधीच सांगून ठेव.

तुझा,
वसंता