फोटोच्या मागचा बोर्ड

प्रिय सोन्या,

आधी माफी मागते आणि मग बोलते, नाहीतर तू म्हणशील स्वतः घोळ घातला आणि वर मलाच लेक्चर. तर चूक माझी. तू नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात डेस्कवरचा फोटो पाठवलास, गळ्यात आयकार्ड, चेहऱ्यावर ते तुझं हसू, मला राहवलंच नाही, टाकला फॅमिली ग्रुपवर. धडाधड अंगठे आणि फुलं आली आणि मग आत्याच्या मुलाने विचारलं, "मामी, १४ तारखेला काय लॉन्च होतंय?" मला काही कळेचना. बोटांनी फोटो मोठा करून बघितला तर तुझ्या खांद्यामागे पांढरा बोर्ड, त्यावर निळ्या मार्करने कसलंतरी टोपणनाव, खाली तारीख, तारखेभोवती लाल गोल. पोटात गोळा आला माझ्या. लगेच डिलीट केला पण तोवर तिघांनी पुढे पाठवला होता. तुझं कौतुक काय फक्त मलाच आहे!

तेव्हा मला ती २०१७ ची अ‍ॅपलची बातमी आठवली. तिथल्या एका इंजिनियरची मुलगी वडिलांना भेटायला ऑफिसात गेली, तिथल्या कँटीनमध्ये आयफोन टेन हातात घेऊन व्हिडिओ काढला आणि युट्यूबवर टाकला. फोन जाहीर झाला होता पण विक्रीला यायचा होता. व्हिडिओ पसरला आणि वडिलांची नोकरी गेली. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं रे, बाबांच्या कामाचं कौतुक होतं तिला. आपल्याकडे तेच झालं असतं, फक्त उलटं, आईच्या कौतुकापायी पोराची नोकरी. म्हणून उद्याच तुझ्या मॅनेजरना स्वतःहून सांग, आईने असा फोटो फिरवला म्हणून. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. माझं नाव घे खुशाल.

पण पत्र लिहायला बसले ते फोटोसाठी नाही खरं तर. परवा रात्री तू ऑनलाइन कोणाला तरी उत्तर दिलंस ना, कुणी बाई तुमच्या अ‍ॅपला शिव्या घालत होत्या आणि तू लिहिलंस "आधी सूचना वाचायची सवय लावा". बारा वाजून गेले होते. तुझ्या नावाखाली कंपनीचं नाव आहे आणि त्याच्याखाली तुझी ती ओळ, सगळी मतं वैयक्तिक. तुला वाटतं त्या ओळीने सुटका झाली. त्या बाईंनी ती ओळ वाचली असेल का? त्यांनी कंपनीचं नाव वाचलं आणि पुढचं वाक्य कंपनी बोलली असंच धरलं. स्क्रीनशॉट काढतात लोक, त्यात ती ओळ कापलेली असते.

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये. बावीस वर्षं एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेतले मी. नवीन असताना एका गृहस्थांना सहज बोलून गेले, हो हो, महिन्याभरात होईल तुमचं काम. कशाच्या जोरावर बोलले? काही नाही, ते वैतागले होते, त्यांना बरं वाटावं म्हणून. महिन्याने ते वही घेऊन समोर हजर. वहीत माझं नाव, तारीख, वेळ, आणि मी बोललेलं वाक्य जसंच्या तसं. मी म्हणाले तो माझा अंदाज होता. ते शांतपणे म्हणाले, "मी तुम्हाला फोन केलाच नव्हता, मी कंपनीला केला होता." आजही ऐकू येतं ते. त्यानंतर मी जे माहीत नाही ते "माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणायला शिकले, आणि गंमत म्हणजे लोक त्याने कमी चिडायचे.

आता तू म्हणशील मग नाव लपवून लिहितो. अजिबात नको! होल फूड्स या अमेरिकेतल्या किराणा दुकानांच्या साखळीचे तेव्हाचे सीईओ जॉन मॅकी यांनी नेमकं तेच केलं, याहू फायनान्सवर, जिथे लोक शेअर्सबद्दल गप्पा मारतात तिथे, 'रहोडेब' या टोपणनावाने वर्षानुवर्षं लिहायचे, आपल्या कंपनीची तारीफ आणि वाइल्ड ओट्स या स्पर्धक कंपनीला नावं ठेवणं, हे सगळं. बायकोच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून केलेलं नाव ते. २००७ मध्ये होल फूड्स तीच वाइल्ड ओट्स विकत घ्यायला निघाली, सरकारी चौकशी लागली आणि त्यात हे बाहेर आलं. एवढा मोठा माणूस, त्याला जाहीर माफी मागावी लागली. तुमचं प्रॉडक्ट चांगलं आहे असं लिहायचं असेल तर जरूर लिही, पण मी तिथेच काम करतो हे त्याच वाक्यात येऊ दे. नाहीतर पाच स्टार देणारा माणूस आतलाच निघाला की बाकीचे खरे पाच स्टारही लोकांना खोटे वाटतात.

मला आयबीएमचं आवडलं. २००५ मध्ये त्यांच्याकडे कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन काय आणि कसं लिहावं याचे नियम ठरले, ते लीगलवाल्यांनी वरून टाकले नाहीत, कर्मचाऱ्यांनीच मिळून विकीवर, म्हणजे सगळ्यांना बदल करता येतील अशा वेबपानावर लिहिले. स्वतःच्या नावाने लिहा, 'मी' म्हणून लिहा, उगाच भांडण उकरू नका, स्वतःची चूक स्वतः आधी दुरुस्त करा, आणि आधी लिहिलेलं बदललंत तर बदललं म्हणून सांगा. हे शेवटचं जास्त अवघड. परवाचं उत्तर तू सकाळी गुपचूप उडवलंस ना? त्यापेक्षा तिथेच खाली दोन शब्द लिहायचे होते, की माझा सूर चुकला, सॉरी.

आणि आकड्यांच्या बाबतीत तर जीभ आवर. चांगली बातमी असली तरी. नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्ज यांनी जुलै २०१२ मध्ये फेसबुकवर लिहिलं की महिन्याभरात लोकांनी १ अब्ज तासांहून जास्त बघितलं. आनंदाचीच गोष्ट, पण अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चौकशी लावली, कारण अशी माहिती सगळ्या गुंतवणूकदारांना एकाच वेळी मिळायला हवी. शेवटी कारवाई झाली नाही, गुंतवणूकदारांना आधी सांगून ठेवलंत की अमुक ठिकाणी बघा तर सोशल मीडिया चालेल असं २०१३ मध्ये ठरलं. ते सीईओ होते, त्यांच्यामागे वकिलांची फौज. तू "या महिन्यात रेकॉर्ड तोडलं राव" असं मित्राला जरी लिहिलंस तरी तुझ्यामागे कोण, मी?

एक मात्र नीट ऐक, कारण वरचं वाचून तू म्हणशील आई गप्प बसायला सांगतेय. तसं नाही. नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचे रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या कंपनीत रॉजर बोइसजोली नावाचे इंजिनियर होते. बूस्टरच्या सांध्यातली रबरी रिंग दगा देऊ शकते हे त्यांनी जुलै १९८५ मध्येच मेमोत लिहून दिलं होतं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ते आणि त्यांचे सहकारी एवढ्या थंडीत उड्डाण करू नका म्हणून मीटिंगमध्ये भांडले, कंपनीच्या वरच्या लोकांनी ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर यान हवेतच फुटलं आणि आतले सात जण गेले. मग चौकशी आयोगासमोर त्यांनी सगळं कागदांसकट सांगितलं. ऑफिसातले लोक त्यांच्याशी तुटक वागू लागले, त्रास झालाच. पण बघ ना, आधी आत, तेही लेखी, मग समोरासमोर, आणि मग जिथे सांगायला हवं तिथे. मनातली खदखद रात्री बारा वाजता कुणा अनोळखी बाईंवर काढणं आणि हे, यात फरक आहे की नाही?

बरं, ग्रुपवर मी लिहिलंय की फोटो चुकून आला होता, ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढून टाका. दोघांनी काढला, तिसऱ्याला फोन करतेय पण तो उचलत नाहीये. आणि मावशी विचारत होती तू नक्की काय काम करतोस, मी म्हटलं कॉम्प्युटरचं. तेवढंच बोलले, शपथ.

तुझी आई

ता. क. नवीन फोटो पाठव. मागे भिंत असू दे, कोरी.