वेलनेस वीक फेब्रुवारीत, आणि मे मधे?

संपादक महोदय,

मे आला की सगळ्यांना वाटतं विद्यापीठ बंद, पोरं गावाला गेली. पण विदर्भात आमच्या होस्टेलवर पीएचडीवाले, एमपीएससीवाले असे बरेच जण राहतोच आणि नेमकी तेव्हाच मेस बंद, लायब्ररी दुपारी दोनला बंद, म्हणजे पारा 45 वर असताना स्लॅबखालच्या तापलेल्या खोलीत जाऊन बसा. मागच्या आठवड्यात शेजारच्या खोलीतली ताई नुसता चहा घेऊन लॅबला निघाली ती जिन्यातच चक्कर येऊन बसली, ओठ एकदम कोरडे. ओआरएस कोणाकडेच नव्हतं, शेवटी लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजलं, नशीब तेवढ्यावर भागलं. वॉर्डन मॅडम म्हणे, उन्हात फिरता कशाला! आता लॅब काय खोलीत आणायची?

वेलनेस वीक झाला फेब्रुवारीत, गुलाबी थंडीत योगा आणि टीशर्ट. त्यापेक्षा लायब्ररी संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा, तिथे कूलर तरी आहेत. मेस एक टाइम चालवा, वरणभात आणि ताक दिलं तरी चालेल. आणि रिकाम्या होस्टेलवर रात्री जीव नको होतो हो, चार चार दिवस कोणाशी बोलणं नाही, तेव्हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा फुकटचा सरकारी नंबर निदान नोटीस बोर्डावर तरी लावा. सध्या तिथे मार्चमधल्या गॅदरिंगचं पोस्टर आहे.

- एक संशोधक विद्यार्थिनी