वारशाचे पैसे 'इन्कम'मध्ये टाकू नका

संपादक महाशय,

टॅक्स कसा वाचवायचा यावर तुमच्या पानावर नेहमी काही ना काही येतं, पण आईवडील गेल्यावर हातात आलेले पैसे आपल्या हिशोबात कुठे लिहायचे यावर कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. हल्ली बरेच जण ग्नूकॅश या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एखाद्या ॲपमध्ये घरचा हिशोब ठेवतात आणि बाबांच्या एफडीचे पैसे आले की सरळ 'इन्कम'मध्ये टाकतात, मग त्या वर्षी कमाई भरमसाट दिसते, पुढच्या वर्षी एकदम पडलेली दिसते आणि बचत किती टक्के झाली ते काही कळतच नाही. ही रक्कम 'इक्विटी'खाली (म्हणजे आपलं स्वतःचं भांडवल, इथे शेअर नव्हे) वारशाचं वेगळं खातं काढून तिथे जमा करायची, बँक खात्याला नावे (म्हणजे बँकेतली शिल्लक तेवढी वाढते), एवढंच. आपल्याकडे 1985 साली इस्टेट ड्युटी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या मालमत्तेवरचा कर, गेली, वारशाने आलेल्या रकमेवर घेणाऱ्याला इन्कम टॅक्सही नाही. पुढे तिच्यावर मिळणारं व्याज मात्र आपलं उत्पन्न, ते इन्कममध्येच. शेअर असतील तर खरेदीची तारीख आणि किंमत बाबांचीच लिहा, नावावर झाले त्या दिवसाचा भाव टाकला तर विकताना नफा चुकीचा निघतो.

पण मला खरं सांगायचंय ते नॉमिनीबद्दल. नॉमिनी म्हणजे मालक नाही, सुप्रीम कोर्टाने बँकेच्या ठेवींबद्दल 2010 मध्ये आणि शेअर्सबद्दल 2023 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, तरी घराघरात काय होतं, भाऊ नॉमिनी असतो, पैसे त्याच्या खात्यात येतात, सॉफ्टवेअरमध्ये सगळे त्याचेच दिसतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यालाही ते मनापासून आपलेच वाटायला लागतात. बहिणीने विचारलं की ती वाईट ठरते! समजा 12 लाख आले, मृत्युपत्र नाही, मागे आई, भाऊ आणि बहीण. हिंदू वारसा कायद्याने प्रत्येकाचे 4 लाख. मग भावाने 4 लाख वारशाच्या खात्यात आणि 8 लाख 'देणी'मध्ये आई आणि बहिणीच्या नावाने वेगवेगळे लिहावेत, आणि हे पैसे आले त्याच दिवशी करावं, नंतर कोणी करत नाही. बहिणीला तिचे पैसे ट्रान्सफर केले की ते देणं शून्य होतं, ते खर्चात धरायचं नाही.

– एक वाचक, सातारा