कापलेल्या स्ट्रिपवर औषधाचे नाव कुठे उरते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापून चार-सहा गोळ्या हातावर ठेवण्याची पद्धत इंदुरातील औषधांच्या दुकानांत इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही वावगे आहे असे ना दुकानदाराला वाटते, ना गिऱ्हाइकाला. सुट्या गोळ्या विकण्यास माझा विरोध नाही. पेन्शनवर भागवणाऱ्याला किंवा रोजंदारीवरच्या मजुराला महिन्याचे औषध एकदम घेणे परवडत नाही, आणि डॉक्टरांनी तीनच दिवसांचे औषध लिहिले असताना अख्खी स्ट्रिप गळ्यात मारणे हाही अन्यायच. माझी तक्रार आहे ती, कापलेला तुकडा घरी येतो तेव्हा त्यावर औषधाची ओळख पटेल असे काहीही उरत नाही, याबद्दल.

औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख वेष्टनावर देणे १९४५ च्या औषध नियमांनी बंधनकारक केले आहे. उत्पादक ते देतातही. परंतु बॅच आणि मुदत बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला, तीही पुष्कळदा शाईविना, नुसत्या ठशाने उमटवलेली असते. ते टोक ज्याच्या वाट्याला येईल त्याचे नशीब! माझ्या आईच्या औषधांच्या डब्यात आत्ता असा एक तुकडा आहे, ज्याच्या पाठीवर नावाची शेवटची दोन अक्षरे आणि ५०० मिलिग्रॅम एवढेच वाचता येते. तापावरची पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची मिळते आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिनही. दोन्ही गोळ्या बहुतेक वेळा पांढऱ्या. ऐंशीच्या घरातल्या, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या बाईने त्यांतला फरक कशावरून ओळखावा?

याहून गंभीर उदाहरण संधिवाताच्या औषधाचे आहे. मेथोट्रेक्सेट ही गोळी त्या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि तिच्या जोडीला फोलिक ॲसिड दिले जाते. या दोन्ही गोळ्या लहान असतात, आणि बहुधा पिवळ्याच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज पोटात गेली तर तोंड सोलवटते, रक्तपेशी तयार होण्याचे काम मंदावते आणि प्रसंगी रुग्ण दगावतो. डॉक्टर वार सांगतात, घरचे लोक लक्षही ठेवतात. पण दोन बिननावाचे तुकडे एका डब्यात पडले की सगळी भिस्त म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणावर राहते.

बॅच क्रमांकाचे महत्त्व तर आपल्या राज्याला वेगळे सांगायला नको. २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी घेतले. अशा वेळी नेमके कोणते औषध घरातून बाहेर काढायचे, हे बॅच क्रमांकावरूनच कळते. ती बाटली तरी होती, तिला लेबल होते. उद्या एखाद्या गोळीची बॅच परत मागवण्याची वेळ आली, तर कापलेले तुकडे घेतलेल्यांनी काय तपासायचे?

१ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, हे पाऊल चांगलेच आहे. मात्र तो कोडही कात्रीखाली जातो, आणि सर्वच वृद्धांना तो मोबाइलवर वाचता येत नाही. खरा उपाय प्रत्येक गोळीच्या कप्प्यामागे नाव, ताकद आणि मुदत छापण्याचा आहे. आपल्या शेजारी पिथमपूरमध्ये औषधांचे मोठमोठे कारखाने आहेत. गोळ्या भरून स्ट्रिप बंद करणाऱ्या यंत्राला ही छपाई अशक्य आहे, असे मला वाटत नाही. खर्च वाढेल, हे मान्य. पण तो वाढू नये म्हणून आज धोका कोण पत्करते आहे, याचाही विचार व्हावा.

तोवर निदान एवढे तरी करता येईल. स्ट्रिप कापावी ती मुदतीचे टोक शेवटपर्यंत शाबूत ठेवून, आणि गोळ्या द्याव्यात त्या कागदी पाकिटात. त्या पाकिटावर औषधाचे नाव, ताकद, बॅच आणि मुदत देवनागरीत लिहिलेली असावी. इंदुरात देवनागरीची सोय अशी की मराठी घरातही ती वाचली जाते आणि हिंदी घरातही. संगणकीय बिलावर बॅच आणि मुदत असते, म्हणून बिल मागून घ्यावे आणि पाकिटालाच टाचावे. मात्र थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, त्यामुळे केवळ बिलावर विसंबता येणार नाही. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर या भागांतील गणेशोत्सव मंडळांनी एक सकाळ ज्येष्ठांचे औषधांचे डबे तपासण्यासाठी राखून ठेवली आणि निवृत्त डॉक्टर-फार्मासिस्टांना त्यासाठी बोलावले, तर मनोरंजनाच्या कार्यक्रमांइतकीच त्यालाही गर्दी होईल, अशी माझी खात्री आहे.

आपल्या वृत्तपत्राने हा विषय राज्याच्या अन्न व औषध प्रशासनापुढे आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांपुढे मांडावा, ही विनंती. इंदूरच्या दवा बाजारातून आसपासच्या अनेक जिल्ह्यांतील दुकानांना माल जातो. छापील रकाने असलेली पाकिटे त्याच मालाबरोबर पाठवायला सुरुवात झाली, तर खेड्यातल्या दुकानापर्यंत ती पोहोचतील.

आपली नम्र,
एक वाचक, रामबाग, इंदूर