आई-बाबांना, शिकागोहून

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलेत, "एवढं कर्ज काढून तिकडे गेलीस ती इतिहास आणि नाच शिकायला?" मी चिडून फोन ठेवला, याचे वाईट वाटते. प्रश्न रास्त होता; फोनवर मला नीट उत्तर देता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी कृष्णवर्णीयांच्या शहरी जीवनाचा इतिहास शिकते आणि तो बराचसा घरांचा इतिहास आहे. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९३० साली ते २ लाख ३० हजारांवर गेले. मिसिसिपीकडच्या कापसाच्या शेतांतून ही माणसे रेल्वेने यायची, कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत लागायची, आणि आधी आलेल्या गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायची. आजोबा कोकणातून लालबागला आले त्याची गोष्ट तुम्ही सांगता, ती मला इथे पानोपानी भेटते.

फरक असा की, या माणसांना शहराच्या एका चिंचोळ्या पट्ट्याबाहेर घरच मिळत नसे. गेल्या महिन्यात मी अभिलेखागारात एक जुने खरेदीखत वाचले. ही जागा कृष्णवर्णीयाला विकू नये, भाड्याने देऊ नये, वापरू देऊ नये, असे त्यात स्वच्छ टंकलेले होते. पुढे एक सवलत होती, की घरकामाला, रखवालीला किंवा गाडी चालवायला ठेवलेला माणूस तिथे राहिला तर हरकत नाही. अशा अटी न्यायालयांनी राबवू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तोवर त्या पट्ट्यातल्या घरमालकांनी एकेका फ्लॅटचे पाच-सहा भाग पाडून, सगळ्यांना मिळून एक संडास ठेवून, दामदुप्पट भाडे वसूल केले होते. दादाला मुंबईत भाड्याचे घर बघताना आधी आडनाव विचारले गेले, ते मला त्या कागदापुढे बसून आठवले.

आता नाचाचे. या लोकांविषयीचे कितीतरी कागद घरमालकांनी, पोलिसांनी आणि कारकुनांनी लिहिलेले आहेत. त्यांनी स्वतः काय जपले, हे शोधायला कागद पुरत नाहीत. कॅथरीन डनहॅम या बाईंनी इथेच, शिकागोत, मानववंशशास्त्र शिकून १९३५ साली कॅरिबियन बेटांची वाट धरली आणि गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांचे नाच अभ्यासले, स्वतः नाचून. पुढे १९६७ साली ईस्ट सेंट लुइसच्या गरीब वस्तीत त्यांनी मुलांसाठी कलाशिक्षणाचे केंद्र काढले. इतिहास आणि नाच हे दोन विषय मी वेगळे का मानत नाही, ते यावरून कळावे. मी शिकते तो पश्चिम आफ्रिकेतला नाच मात्र मिसिसिपीच्या मजुरांनी आणलेला नव्हे; तो अमेरिकेतल्या नृत्यवर्गांत बराच नंतर आला, आणि ही गल्लत आमच्या वर्गातही सर्रास होते.

आई, कथकसाठी तू माझी पाठ दहा वर्षे ताठ करून घेतलीस. ती इथे पहिल्याच दिवशी सोडावी लागली. गुडघे वाकवून, कमरेतून पुढे झुकून, अनवाणी नाचायचे. पदन्यास बदलायची वेळ आली की मुख्य जेंबेवाला (जेंबे म्हणजे हाताने वाजवायचा तिकडचा ढोल) एक ठरावीक तुकडा वाजवतो; कोणी तोंडाने मोजत नाही. तो तुकडा चुकला, की वीस जणांत एकटी मीच जुन्या पावलावर राहते. तास संपताना आम्ही नाचतच वादकांसमोर जातो, जमिनीला हात लावतो आणि तो छातीशी नेतो. हे मात्र कोणाला मला शिकवावे लागले नाही.

बाबा, एक काम आहे. आजोबांच्या खोलीत रात्री किती माणसे झोपत, कोण कुठे, पाळीवाले दिवसा कसे झोपत, भाडे कोण भरत असे, हे आठवेल तसे वहीत लिहून ठेवाल का? नकाशा काढलात तर फारच बरे. माझ्या प्रबंधाला तो हवा आहे.

तुमची,
धाकटी